भरमारमध्ये बिनधुराची पावडर चालते का? चौथा बार कुठंच्या कुठं जातो

तूरवाला_दारव्हा
पीकसंरक्षणाच्या परवान्यावर नवी भरमार (तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक) घेतली. टोपीवाली, म्हणजे छोटी स्फोटक टोपी फुटून बार होतो ती; गुळगुळीत नळी. ३० मीटरवर पहिला बार नेमावर, तिसऱ्या-चौथ्यापासून गोळी हातभर भटकते. अमेरिकेत ठासणीच्या रायफलीत स्मोकलेस, म्हणजे बिनधुराची पावडर, भरतात म्हणे. कमी मापानं भरली तर?

गज_आणि_चिंधी
नाही भाऊ, चिमूटभरही नाही. आपण भरतो ती काळी दारू (बंदुकीची जुनी पावडर) दाब वाढला तरी जवळपास त्याच वेगानं जळते. स्मोकलेस दाब वाढेल तशी आणखी जोरात जळते, म्हणून दाब आवरत नाही. शिवाय काळी दारू मापट्यानं भरतात, स्मोकलेस काट्यावर तोलावी लागते. आपल्या नळीचं बूड त्या दाबासाठी घडवलेलंच नसतं. फुटली की बोटं आणि डोळे जातात.

तिकडं सॅव्हेज १० एमएल-२ सारख्या रायफली त्यासाठीच बनवलेल्या. त्यातही कंपनीच्या तक्त्याबाहेर जायचं नाही. गोळी आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिकचं वेष्टण तेच ठेवून पावडरचं वजन थोडं थोडं बदलतात, प्रत्येक बाराचा वेग मोजतात. नळी तापली की प्लास्टिक मऊ पडून नेम पसरतो, म्हणून थंड होऊ देतात. ठिणगीचं भोक झिजून मोठं झालं तरी तोच त्रास. तो भाग बदलावा लागतो.

तुमचा दोष पावडरचा नाही, काजळीचा आहे. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घनच उरतो आणि नळीत चिकटतो. दर बारानंतर आधी एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी. बंदूक रिकामी आहे याची खात्री करूनच.

तूरवाला_दारव्हा
चिंधी फिरवतो, पण दोन-तीन बारांनंतर. आणि गोळी गजानं ठोकून ठोकून बसवतो.

जुना_घोडा
ठोकू नका, सारख्या जोरानं दाबा. गजावर दोन खुणा करा: रिकाम्या नळीची एक, भरलेल्या नळीची एक. गोळी दारूला टेकली नाही अन् मधे पोकळी राहिली तर नळीला तिथंच फुगीर कडं येतं. भरल्यावर भरलेल्या नळीची खूण नळीच्या तोंडाच्या वर दिसली तर बार करायचाच नाही. खुणेनं दुहेरी भरणाही पकडता येतो, आणि तो चुकून होतोच.

दारू एकाच मापट्यानं, बंदुकीसोबतच्या कागदात दिलं तेवढीच. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या भरण्याआधी नुसती टोपी फोडा म्हणजे निपलमधलं (टोपी बसते त्या भोकाच्या बोंडातलं) तेल जळून जातं. टोपी फुटूनही बार झाला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबा; उशिरानं उडतो कधीकधी.

गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी बारानंतर उचलून पाहा. मधोमध जळालेली असेल तर पातळ आहे किंवा चरबी कमी पडली.

गज_आणि_चिंधी
संध्याकाळी गरम पाणी, कोरडं पुसणं, तेल. पावसाळ्यात दुसऱ्या दिवसावर ढकललंत की गंज धरलाच. अन् रोही-रानडुकरावर चालवायची तर परवाना पुरत नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.