५० केएलडी एसटीपी: फॉस्फेट आणि अमोनिया काढायला इलेक्ट्रो सेल बसवावा का?

चांदिवली_एसटीपी

सोसायटीचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प (एसटीपी) तळघरात आहे: ५० केएलडीचा (रोज ५० हजार लिटर) एमबीबीआर (प्लॅस्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी). पाणी फ्लशिंगला, बागेला आणि आवारातल्या कमळकुंडाला जातं. कुंडात बारा महिने शेवाळ. सेटलिंग टाकीनंतरच्या पाण्याची मापं: फॉस्फेट-फॉस्फरस ५ मिग्रॅ/लिटर, अमोनिया-नायट्रोजन १८, नायट्रेट-नायट्रोजन ३, पीएच ६.८, क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) ४०, कंडक्टिव्हिटी ७०० मायक्रोसीमेन्स.

एका पुरवठादाराच्या प्रस्तावात ॲल्युमिनियम प्लेटांचा एकच सेल (प्लेटांतून वीज सोडून पाणी साफ करणारा) आहे, सँड फिल्टरनंतर आणि फ्लशिंग टाकीच्या आधी. फॉस्फेट आणि अमोनिया दोन्ही त्यातच जाईल असं लिहिलंय. हे शक्य आहे का? प्लेटा किती, वीज किती, गाळ किती?

विरघळता_ॲनोड

फॉस्फेट जाईल, अमोनिया जाणार नाही. प्लेट विरघळून धातूचा हायड्रॉक्साइड तयार होतो आणि फॉस्फेट त्याला चिकटून खाली बसतो. अमोनियम आयन त्याला चिकटतच नाही. प्रस्तावातला तो दावा सरळ खोडून टाका.

आता हिशेब, ॲल्युमिनियमऐवजी लोखंडी प्लेटा धरून (कारण खाली). दिवसाला फॉस्फरस २५० ग्रॅम, म्हणजे ८ मोल. १ मिग्रॅच्या खाली न्यायचं तर एका मोल फॉस्फरसला अडीच मोल लोखंड धरा. (पवई तलाव तुमच्या शेजारीच आहे. जलपर्णी पोसायला किती थोडा फॉस्फरस पुरतो हे तिथे दिसतं, म्हणून १ च्या वर थांबू नका.) लोखंड झालं दिवसाला १.१३ किलो. एक अँपिअर-तास १.०४ ग्रॅम लोखंड विरघळवतो, म्हणजे साधारण १,०८० अँपिअर-तास लागतील. सेल २० तास चालवला तर ५४ अँपिअर.

एवढा करंट एका जोडीतून नेऊ नका, जाड केबल आणि तापणारे लग (केबलच्या टोकाचे जोड) मागे लागतात. बायपोलर मांडणी करा: ११ एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटा, प्रत्येकी ४५ × ६० सेंमी, ६ मिमी जाड, मध्ये १ सेंमी फट. वायर फक्त दोन टोकांच्या प्लेटांना. १० फटी झाल्या, करंट ५.४ अँपिअर, व्होल्टेज ४० च्या आसपास. करंटची घनता २० अँपिअर प्रति चौरस मीटर येते, ती बरोबर आहे. रेक्टिफायरचं (एसीची डीसी वीज करणाऱ्या यंत्राचं) नुकसान धरून दिवसाला ५ युनिट. प्लेटांच्या कडा खाचेत घट्ट बसल्या पाहिजेत, नाहीतर करंट कडेने पळतो आणि मधल्या प्लेटा नुसत्या उभ्या राहतात.

एक प्लेट १२.७ किलोची. निम्मी झिजली की बदला, म्हणजे साधारण आठ आठवडे. दर २० मिनिटांनी पोलॅरिटी उलटवा, दोन्ही बाजू सारख्या झिजतात आणि कॅथोडवर जमलेला थर सुटतो.

ॲल्युमिनियम मी सुचवणार नाही. त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि व्होल्टेज हळूहळू चढत जातं. एमएस प्लेट कोणत्याही फॅब्रिकेटरकडे कापून मिळते.

जागाही चुकली आहे. सेल सेटलिंग टाकीनंतर, सँड फिल्टरच्या आधी हवा. फिल्टरनंतर बसवलात तर सगळा फ्लॉक (हायड्रॉक्साइडचे पुंजके) फ्लशिंग टाकीत जाईल आणि महिन्याभरात प्रत्येक कमोडमध्ये तांबूस ओघळ दिसतील.

हवा_द्या_आधी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण सेलइतकीच त्याच्या पुढची टाकी महत्त्वाची आहे. प्लेटेतून निघतं ते फेरस, म्हणजे पाण्यात विरघळणारं लोखंड. ऑक्सिजन मिळून ते फेरिक झाल्याशिवाय फॉस्फेट नीट धरत नाही आणि पाण्यात विरघळलेलंच राहतं. १ मिग्रॅ फेरसला ०.१४ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो. इथे लोखंडाचा डोस २२-२३ मिग्रॅ/लिटर, म्हणजे ३ मिग्रॅपेक्षा जास्त ऑक्सिजन. सेटलिंग टाकीतून येणाऱ्या पाण्यात तेवढा नसतो. पीएच ७ च्या खाली गेला की ही क्रिया फारच मंदावते, आणि तुमचा ६.८ आहे.

सेलनंतर १ घनमीटरची टाकी ठेवा, बारीक बुडबुड्यांचा डिफ्यूझर, २० मिनिटं. पाणी हिरवट-काळपट येतं आणि टाकीतून बाहेर पडताना नारिंगी झालेलं असतं. नारिंगी झालं नाही तर हवा कमी आहे किंवा पीएच कमी आहे. याच टाकीत फ्लॉकला चिकटलेला हायड्रोजन सुटतो. ती नसेल तर फ्लॉक त्यापुढच्या ट्यूब सेटलरमध्ये (तिरक्या नळ्यांच्या सेटलिंग टाकीत) बसण्याऐवजी वर तरंगतो आणि सँड फिल्टर तासाभरात तुंबतो.

गाळ: कोरडा अडीच किलो रोज, १ टक्का घट्टपणा धरला तर २५० लिटर. तुमच्या फिल्टर प्रेसला (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राला) तो जास्तीचा झेपेल का ते आधी बघा.

आणि हायड्रोजन. १,०८० अँपिअर-तासांना जवळपास ४९० लिटर दिवसाला. एसटीपी तळघरात आहे, म्हणून सेलवर झाकण आणि त्यातून थेट इमारतीबाहेर जाणारा पाइप हवाच. एक्झॉस्ट बंद पडला की रेक्टिफायर बंद झाला पाहिजे, असं इंटरलॉक करून घ्या. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की पेट घेतो, आणि तो छताखालच्या कोपऱ्यात साचतो. ही गोष्ट ऑपरेटरच्या भरवशावर सोडू नका.

चांदिवली_एसटीपी

मग अमोनियासाठी क्लोरीन तयार करणारा टायटॅनियमचा सेल वेगळा लावावा का? आणि खर्च करण्याआधी फॉस्फेटची चाचणी इथेच कशी करता येईल?

नायट्रीफायर

तांत्रिकदृष्ट्या होतं, पण तुमच्या पाण्याला ते परवडत नाही. १ ग्रॅम नायट्रोजनला किमान ५.७४ अँपिअर-तास लागतात. मुंबईचं धरणाचं पाणी मुळातच मऊ आणि कमी क्षारांचं, त्यामुळे ज्यापासून क्लोरीन बनतो तो क्लोराइडही कमी. अशा वेळी करंटचा तिसरा हिस्सा कामी आला तरी खूप. ९०० ग्रॅम नायट्रोजनला ५ व्होल्टवर ७५-८० युनिट रोज. क्लोरीन थोडं कमी पडलं की क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाची संयुगं) राहतात, तळघरात डोळे चुरचुरतात, आणि उरलेलं क्लोरीन बागेला मारक. खाडीलगतच्या खाऱ्या बोअरचं पाणी मिसळत असतं तर कार्यक्षमता वाढली असती, पण नको असलेली क्लोरीनयुक्त उत्पादनंही वाढली असती.

तुमचा खरा आजार क्षारतेत आहे. १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनच्या नायट्रीफिकेशनला (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करण्याला) ७.१४ मिग्रॅ क्षारता लागते, १८ ला जवळपास १३०. तुमच्याकडे उरली ४०, म्हणून जिवाणू अर्ध्यावर थांबलेत. शेवटी ५० शिल्लक हवी असेल तर खायचा सोडा दिवसाला ११-१२ किलो, एमबीबीआरच्या आधी, थोडा थोडा दिवसभर. ऑक्सिजन २ मिग्रॅच्या वर ठेवा. पुढे कधी जागा मिळाली तर हवा न देता ढवळणारी टाकी एमबीबीआरच्या आधी घालून नायट्रेटचं पाणी तिथे परत फिरवा. डीनायट्रीफिकेशनमध्ये (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना) निम्मी क्षारता परत मिळते आणि सोडा कमी होतो. पीएच ७.२ च्या वर आला की लोखंडाच्या सेललाही फायदा.

विरघळता_ॲनोड

चाचणी: १० लिटर पाणी, १५ × २० सेंमीच्या दोन एमएस प्लेटा १ सेंमी अंतरावर पूर्ण बुडवून, डीसी सप्लाय १ अँपिअरवर स्थिर. प्लेटा आधी घासून तेलकटपणा काढा. तीन बादल्या घ्या: ७, १३ आणि २० मिनिटं. लोखंडाचे डोस होतील १२, २२.६ आणि ३५ मिग्रॅ/लिटर. मग मत्स्यटाकीच्या पंपाने १५ मिनिटं हवा, ५ मिनिटं हळू ढवळणं, अर्धा तास शांत. वरचं पाणी लगेच गाळून फॉस्फेट आणि लोखंड दोन्ही मोजा.

फॉस्फेट उतरलं पण लोखंड २-३ मिग्रॅ उरलं, तर हवा वाढवा, करंट नको. फॉस्फेट उतरलं आणि एकूण फॉस्फरस तसाच, तर बारीक फ्लॉक निसटतोय किंवा साबणातला पॉलिफॉस्फेट आहे. म्हणून लॅबला फॉस्फेट आणि न गाळलेल्या पाण्यातला एकूण फॉस्फरस, दोन्ही मापं सांगा. सोडा सुरू करून पीएच स्थिर झाल्यावरच ही चाचणी घ्या.