शुंगा : मराठीत काय म्हणावं?

आडवळण : जपानी कलेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय त्यात "शुंगा" हा शब्द सारखा येतोय. अश्लील चित्रं म्हणू की कामचित्रं? आणि आपल्या शुंग घराण्याशी काही नातं?

चिंचगूळ : घराण्याशी काडीचा संबंध नाही हो 😄 शुन म्हणजे वसंत, गा म्हणजे चित्र. वसंत हा आडून बोलायचा शब्द, शरीरविक्रयाला पण तिकडे बाइशुन म्हणजे वसंत विकणं असंच म्हणतात. पण एदो काळात (१६०३ ते १८६८) आणखी नावं चालायची, माकुरा-ए म्हणजे उशीचित्र आणि वाराइ-ए म्हणजे हसायची चित्रं, आणि माझ्या मते सगळी गोम या हसण्यात आहे. हारुनोबू या चित्रकाराची १७७० च्या आसपासची एक चित्रमालिका आहे, मानेएमोन नावाचा माणूस औषध पिऊन दाण्याएवढा होतो आणि घरोघरी लोकांचे शृंगार बघत हिंडतो. आता याला अश्लील म्हणून कसं चालेल, हा तर शुद्ध चावटपणा!

पुसटरेघ : +१. चित्रकार उतामारोचं १७८८ चं उतामाकुरा हे पुस्तक बघा, त्यातल्या एका चित्रात चहाघराच्या माडीवर जोडपं, तिची पाठ आपल्याकडे, त्याचा चेहरा जवळपास सगळा झाकलेला, फक्त एक डोळा दिसतो, आणि त्याच्या हातातल्या पंख्यावर कविता काय तर पाणपक्ष्याची चोच शिंपल्यात अडकली, आता संध्याकाळी उडणार कसा! बरं अंगावर कपडे भरपूर, कारण तिथे सार्वजनिक न्हाणीघरं होती, नुसत्या उघड्या अंगाचं कुणाला अप्रूप नव्हतं, किमोनोवरून मात्र माणूस कोण कुठला ते कळायचं.

आडवळण : पण बंदी होती ना? मग अश्लील का नाही?

पुसटरेघ : बंदी १७२२ ची, पण पुस्तकं छापणं काही थांबलं नाही, चोरून छापायची, चित्रकार खरं नाव टाकायचे नाहीत आणि घरोघरी पुस्तकं भाड्याने देणारे काशिहोन्या ती फिरवायचे. बायकाही वाचायच्या. खरी लाज आली ती एदोनंतरच्या मेइजी काळात, पाश्चात्त्य काय म्हणतील म्हणून. ती इतकी मुरली की २०१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने मोठं प्रदर्शन भरवलं तरी टोकियोत ते घ्यायला कुणी धजेना, शेवटी २०१५ मध्ये एइसेइ बुन्को या छोट्या म्युझियमने स्वतःचं भरवलं आणि दोन लाखांवर लोक आले.

चिंचगूळ : म्हणून म्हणतो, अश्लील हा शब्द फक्त मेइजीपासूनच्या कायद्याबद्दल लिहाल तिथे ठेवा. एरवी शृंगारचित्रं, आणि वाराइ-ए आलं की बिनधास्त चावट चित्रं. कामचित्र म्हटलं की मला ऑफिसचं काम आठवतं.

आडवळण : आवडलं. आता लिंगाचं सांगा, ती शुंगा की ते शुंगा?

चिंचगूळ : "शुंगा चित्रं" लिहा, भांडण मिटलं.