विषय: बाबांच्या रिपोर्टातलं ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’

नमस्कार मंडळी,
सोलापूरहून धाकट्यानं बाबांच्या बायॉप्सीच्या रिपोर्टाचा फोटो पाठवलाय. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसीका-ग्रंथींचा (लिम्फ नोडचा) कॅन्सर. खाली सीडी-२० पॉझिटिव्ह, बीसीएल-२ पॉझिटिव्ह ७० टक्के, सी-मिक ४५ टक्के, केआय-६७ ८० टक्के. शेजारच्यांनी सांगितलं, “जीन पॉझिटिव्ह म्हणजे खानदानी, पोरांनी पण तपासून घ्या.” आई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. आपल्यात पॅथॉलॉजीतलं कुणी आहे का?

---

दादा, मी आहे. आधी काकूंना फोन करा. हे खानदानी नाही. बिघाड काकांच्या एका पेशीत, मोठेपणी झालेला. तो पोरांकडे जात नाही.

आता रिपोर्ट. काकांची हयात मागावर गेलीय, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. जीन म्हणजे जेकार्डचं, मागावर नक्षी ठरवणारं, भोकं पाडलेलं पुठ्ठं, प्रोटीन म्हणजे चादरीवर उठलेला रंग. तुमच्या रिपोर्टात फक्त रंग पाहिलाय. बीसीएल-२चा रंग गडद दिसला म्हणून पुठ्ठं फाटलंय असं नाही. सी-मिक ४०च्या वर आणि बीसीएल-२ ५०च्या वर, याला ‘डबल एक्स्प्रेसर’ म्हणतात. जरा चिवट, पण ‘डबल हिट’ वेगळं. त्यात सी-मिक आणि बीसीएल-२ हे दोन्ही जीन खरोखर तुटून जागा बदललेले असतात आणि ते फिश तपासणीतच कळतं, म्हणजे जीनवर चमकणारे रंगीत ठिपके लावून बघतात. लाल-हिरवे ठिपके चिकटून असले तर जीन शाबूत, फाकले तर तुटलेला. आधी सी-मिकचंच करायला सांगा. ते शाबूत निघालं तर डबल हिटचा प्रश्न मिटतो, पुढचा खर्चही वाचतो. तुटलेलं निघालं तर नेहमीच्या आर-चॉप या केमोऐवजी जास्त कडक औषधं द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील.

केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढत्या आहेत त्याचा आकडा, त्याला घाबरू नका, या आजारात ८० नेहमी दिसतं. सीडी-२० पॉझिटिव्ह हे तर चांगलंच, रितुक्सिमॅब हे औषध पेशीवरच्या त्याच प्रोटीनला धरतं.

लॅबमधून मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा, मागून घ्या, फिश त्याच्यावरच होते. आणि भावाला बजावा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यात मेण वितळतं, मग सगळंच मुसळ केरात.

---

ताई, ब्लॉक मिळाला. भावानं आईच्या जेवणाच्या डब्यात रुमालात गुंडाळून आणला. बाबांना जेकार्डचं सांगितलं तर म्हणाले, “पुठ्ठं फाटलं की तोच धागा दर फेरीला चुकतो, त्यांना म्हणावं नीट बघा.” फिशला आज गेलंय.