भागीदारी कार्यालयाची सेवा 'समाधाना'वर मोजावी का?

शोधयात्री:
आमच्या विद्यापीठाच्या भागीदारी कार्यालयाकडून, म्हणजे कंपन्यांशी होणारे संशोधन करार पाहणाऱ्या कार्यालयाकडून, समाधान सर्वेक्षण आलंय. पहिलाच प्रश्न : कर्मचारी सौजन्याने वागले का? वागले, खरंच वागले. पण आमचा सामंजस्य करार साडेचार महिने कुणाच्या टेबलावर होता, हे एकालाही सांगता आलं नाही. या कार्यालयाला विचारलं की "विधी विभागात आहे", विधीला विचारलं की "वित्तकडे गेला". तोवर कंपनीतला आमचा माणूस बदलला आणि सगळं पहिल्यापासून समजावावं लागलं. परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांच्या १९८८ च्या 'सर्व्हक्वाल'मध्ये, म्हणजे अपेक्षा आणि अनुभव यांतल्या फरकावरून सेवेचा दर्जा मोजणाऱ्या पद्धतीत, पाच निकष आहेत. सौजन्य हा त्यातल्या एकाचा केवळ भाग. विश्वासार्हता आणि तत्परता हे दोन स्वतंत्र निकष. नेमकं तेच या सर्वेक्षणात विचारलेलं नाही.

करारनामा:
अशाच कार्यालयात मी आठ वर्षं काम करतोय, म्हणून असहमती नोंदवतो. एका मसुद्यात कलम होतं : कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत. प्रकल्पाच्या प्राध्यापक सरांना सही त्याच दिवशी हवी होती. आम्ही अडवलं, सहा आठवडे वाटाघाटी केल्या आणि 'प्रसिद्धीपूर्वी ६० दिवस मसुदा दाखवावा' एवढ्यावर आणलं. त्या प्रकल्पावर दोन पीएचडीचे विद्यार्थी होते, जुन्या कलमाने त्यांचे प्रबंध अडकले असते. सरांनी आम्हाला पाचपैकी एक गुण दिला. ही सेवा वाईट होती का?

शोधयात्री:
काम मोलाचं केलंत. पण का अडवलंय, हे सरांना त्या सहा आठवड्यांत कुणी कळवलं?

करारनामा:
एकदा ईमेल केली होती. फोन करायला हवा होता, मान्य. तरीही गुणांवर आमचं मूल्यमापन होऊ लागलं, तर पुढच्या वेळी कलम अडवायला कोण धजेल?

मधली_फळी:
१९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर या संशोधकांनी 'सर्व्हक्वाल'वर आक्षेप घेत म्हटलं की अपेक्षा बाजूला ठेवा, प्रत्यक्ष कामगिरी तेवढी मोजा. इथे ते पटतं, कारण 'आजच सही' ही अपेक्षाच चुकीची होती. आणि वापरकर्ते म्हणजे फक्त प्राध्यापक का? त्या दोन विद्यार्थ्यांना कुणी फॉर्म पाठवला होता?

शोधयात्री:
त्यांनाही पाठवा, जरूर. पण फाइल कुठे आहे हा माझा प्रश्न अपेक्षेचा नाही, कामगिरीचाच आहे.