मदत हवी आहे: कृष्णेचं पाणी शुद्ध करायला हजार लिटरमागे किती खर्च धरायचा?

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव. नगरपालिका छोटी, जलशुद्धीकरण केंद्र दिवसाला 10 दशलक्ष लिटरचं. पाणीपट्टी वाढवायची म्हणतायत. कारण काय, तर "नदी गढूळ, तुरटी फार लागते." माहिती अधिकारात वर्षाचे कागद काढले, तर वीजबिल हे तुरटी आणि क्लोरीन मिळून होतं त्याच्या कितीतरी पट. मग तुरटीचं रडगाणं कशाला?

उन्हाळ्यात लिटरला 20 मिलिग्रॅम तुरटी धरली तर दिवसाला 200 किलो. पावसाळ्यात ओढ्यांची माती उतरली की 60 मिलिग्रॅम धरू, म्हणजे 600 किलो. कागदावर मात्र बाराही महिने डोस एकच! जार टेस्टची (पाण्याच्या नमुन्यावर तुरटीचा डोस ठरवायच्या चाचणीची) वही मागितली, तर "ऑपरेटरला अंदाज आहे." (असेलही. पण बिल आम्ही भरतो.)

केंद्र बघून आलो. एक फिल्टर बेड (पाणी गाळायचा वाळूचा हौद) रिकामा होता, वाळूवर लिंबाएवढे मातीचे गोळे. बाहेर जाणाऱ्या लाइनवरचा फ्लोमीटर बंद. पंप किती तास चालला त्यावरून पाणी मोजतात.

पाणीपुरवठ्यात काम केलेलं कुणी आहे का इथे? हरकत लेखी द्यायचीय, कशावर बोट ठेवू?

प्रतिसाद:
दादा, आधी वीज धरा. हजार लिटर पाणी घर्षणासकट 50 मीटर चढवायला, पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर साधारण 0.23 युनिट लागतं. तुमच्याकडे दुप्पट येत असेल तर पंप झिजलाय, नाहीतर पाणी सांगतात तेवढं येतच नाही. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामी येते त्याचं माप) कमी असल्यानं बिल वाढतंय का तेही बघा.

मातीचे गोळे म्हणजे बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून वाळू धुणं) नीट होत नाही. वाळू बाहेर काढून धुवायला लागेल. बॅकवॉशला 2 ते 5 टक्के पाणी जातं, त्यापेक्षा फार जास्त जात असेल तर विचारा. गाळलेल्या पाण्याची गढूळताही मागा: भारतीय मानक 10500 प्रमाणे 1 एनटीयू (गढूळतेचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालते.

पण हरकतीत पहिला मुद्दा फ्लोमीटरचा घ्या. पाणी मोजलेलंच नसेल तर हजार लिटरचा दर त्यांनी काढला कशावरून? आणि पंपाच्या पाटीचा फोटो टाका इथे, हेड (पाणी किती मीटर चढवतो) आणि डिस्चार्ज (किती पाणी देतो) वाचता येईल असा.