चेक भाषेतल्या 'ओबेत्स'ला मराठीत काय म्हणायचं, गाव की ग्रामपंचायत?

प्रश्न: चेक प्रजासत्ताकात दक्षिण बोहेमियातल्या होलाशोवित्से गावावर लिहायला घेतलंय. १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे एवढं मोठं नाव, आणि कारभाराच्या कागदात बघावं तर ते 'ओबेत्स'च नाही म्हणे, यान्कोव नावाच्या ओबेत्सचा एक भाग. सगळे तर ओबेत्स म्हणजे गाव असंच लिहितात. मग हे गाव म्हणजे काय?

प्रतिसाद: अहो ताई, नुसत्या बोलण्यात गाव चालून जातं, पण कायद्यात ओबेत्स म्हणजे स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचं बजेट असलेला घटक. वस्तीला वेस्नित्से म्हणतात. आपल्याकडे कोकणात दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते ना, तसंच धरा, होलाशोवित्से गाव आहेच पण ऑफिस यान्कोवला. शिवाय जमिनीच्या नोंदीचा 'कातास्त्राल्नी उझेमी' हा तिसराच प्रकार, त्याला महसुली गाव म्हटलं की फिट्ट बसतं.

प्रतिसाद: आणि 'स्तारोस्ता'ला प्लीज पाटील लिहू नका, वाचलंय मी एका ठिकाणी!! स्तारोस्ताला निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच निवडतात, मुदत ४ वर्षं, म्हणजे सरपंचच, फक्त आपल्यासारखा थेट जनतेतून नाही. पाटलाच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे जुना 'रिख्तार्झ', जमीनमालकाच्या वतीने गाव सांभाळणारा, आणि होलाशोवित्सेत मालक कोण, तर विश्शी ब्रोदचा मठ, १२९२ मध्ये राजाने गाव मठाला देऊन टाकलेलं.

प्रतिसाद: त्या मठामुळेच गाव परत वसलं की. १५२० ते २५ च्या प्लेगात म्हणे दोनच माणसं उरली, मग मठाने बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडून लोक आणले आणि पुढची चारेकशे वर्षं गाव बहुतांशी जर्मन बोलणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना हाकललं, घरं ओस पडली, नवीन बांधायला कोणी उरलंच नाही म्हणून १९ व्या शतकातली कमानदार दर्शनी भिंतींची घरं आणि त्याहून जुनी गावाची आखणी जशीच्या तशी राहिली. युनेस्कोवाले कौतुक करतात ते याचं, त्यामागचं दुखणं कोणी लिहीत नाही.

प्रश्न: थँक्यू. गावाच्या मधल्या मोकळ्या जागेला 'नावेस' असा शब्द आहे, चौक लिहू का?

प्रतिसाद: चौकात रस्ते एकमेकांना छेदतात, इथे तर लांबट हिरवं पटांगण आहे, तळं आहे, बाजूला संत यान नेपोमुकचं १७५५ चं छोटं देऊळवजा चॅपल, आणि घरांच्या त्रिकोणी भिंती सगळ्या तिकडेच तोंड करून. गावठाण तर अजिबात नको. गावमैदान लिहा, नाहीतर नावेसच ठेवा नि एकदा समजावून सांगा.

प्रतिसाद: 'ओक्रेस'ला जिल्हा लिहिणार असाल तर एक ओळ टाका, तिथली जिल्हा कचेरी २००२ अखेर बंद झाली, आता निवडून आलेली सभा असते ती 'क्राय'ची, म्हणजे त्याहून मोठ्या प्रांताची. नाहीतर वाचणारा कलेक्टर शोधत बसेल.