मदत हवी आहे: कॅसेटवर 'यानी' लिहिलेली पियानोची धून नक्की कोणाची?

नमस्कार मंडळी,

आमचा दादा पुढच्या महिन्यात पन्नाशी पूर्ण करतोय. कॉलेजात असताना, १९९७ च्या सुमारास, त्याने साताऱ्यात एका कॅसेट भरून देणाऱ्याकडून साठ मिनिटांची डान्स मिक्स भरून घेतली होती. परवा माळ्यावरच्या ट्रंकेत ती सापडली. बी साइडला शेवटी शब्दांशिवायची एक पियानोची धून आहे. खाली धमधम ठेका, वर पियानो, आणि प्रत्येक सूर विहिरीत हाक मारल्यासारखा परत येतो. तीन-साडेतीन मिनिटांनी टेपच संपते, त्यामुळे शेवट आम्ही कधीच ऐकलेला नाही. दादा ती कॅसेट उलटी गुंडाळून पुन्हा पुन्हा लावायचा, एवढं मला पक्कं आठवतं.

डबीतल्या कागदावर दुकानदाराने फक्त 'यानी' लिहिलंय. लहानपणी मला तो हिंदीतला 'यानी' वाटायचा, म्हणजे पुढे काहीतरी लिहायचं राहिलं असेल. आता कळतं की यान्नी, तो ग्रीक संगीतकार, म्हणायचं असणार. पण यान्नीचं सगळं ऐकून झालं, त्यात ही धून नाही.

गाणी ओळखणाऱ्या शझाम ॲपला ऐकवलं, ओळखत नाही. पेटीवर काढायला बसलो तर सूर आसावरीचे वाटतात, पण सा सापडत नाही. पांढरी चार लावली की थोडं चढं वाटतं, काळी तीन लावली की उतरतं. तबलावाल्या मित्राने घड्याळ लावून ठोके मोजले, मिनिटाला १४२ भरले.

दादाच्या वाढदिवसाला ही धून मला स्वतः वाजवायची आहे. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, घरी एक साधा कीबोर्ड आहे. तर (१) हे काय आहे? (२) तो विहिरीतला आवाज कसा काढायचा?

---

कोपऱ्यातला श्रोता:
नव्वदच्या दशकात आपल्याकडे शब्द नसलेला प्रत्येक पियानो यान्नीच्या नावावर खपायचा. त्यात मार्च १९९७ मध्ये त्याचा ताजमहालापाशी कार्यक्रम झाला, मग तर विचारूच नका. धमधम ठेका आणि पियानो म्हणताय म्हणजे ट्रान्स (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत), बहुतेक रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन'. ऐकून बघा.

धागाकर्ता:
ऐकलं. वाटतंय तेच! पण टेपसोबत लावून पाहिलं तर जुळत नाही. टेपवरचं जरा पळतं आणि वरच्या पट्टीत आहे. वेगळं रीमिक्स असेल का?

साडेचार पट्टी:
रीमिक्स-बिमिक्स काही नाही, तुमची टेप जोरात पळतेय. उत्तर तुम्हीच दिलंय. मूळ गाणं मिनिटाला १३८ ठोक्यांच्या आसपास, एफ मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी चार. तुमचे १४२. भागाकार केला की जेमतेम तीन टक्के जास्त. पेटीवर एका पट्टीवरून लगेच पुढच्या पट्टीवर जायला कंपनसंख्या साधारण सहा टक्के वाढते. तीन टक्के वाढली की तुम्ही बरोबर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधल्या फटीत. तुमचा कान आणि मित्राचं घड्याळ दोन्ही शाबूत आहेत! शझाम बहुधा याच कारणाने गोंधळलं.

दोष तुमच्या प्लेअरचा, की भरताना दुकानदाराचा डेकच हळू फिरत होता, ते दुसरी एखादी कंपनीची छापील कॅसेट लावून पाहिलं की कळेल. लॅपटॉपवर घेऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग २.८ टक्के कमी करा. मात्र स्पीड बदला, टेम्पो नको. नुसता टेम्पो बदलला तर लय खाली येईल आणि पट्टी तिथेच राहील.

कोपऱ्यातला श्रोता:
वा! आता शेवट ऐका. रेडिओसाठी कापलेली चारेक मिनिटांची आवृत्ती आहे, आणि 'ड्रीम व्हर्जन' साडेसात मिनिटांच्या आसपास. दादाला मोठीच ऐकवा, अठ्ठावीस वर्षांची उधारी आहे.

माइल्सचं खरं नाव रोबेर्तो कोन्चिना. जन्म स्वित्झर्लंडचा, आईवडील इटालियन. हे गाणं १९९५ चं. पुढच्या वर्षी युरोपभर वाजलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत एकविसाव्या. एक शब्द नसताना! त्यामागे दोन गोष्टी होत्या. वडील मदतकार्यासाठी युगोस्लाव्हियात जाऊन आले, त्यांनी युद्धात सापडलेल्या मुलांचे फोटो आणले होते. नाव तिथून. दुसरं म्हणजे, इटलीत शनिवारी रात्रभर नाचून पहाटे गाडी हाणत घरी निघालेली पोरं अपघातात मरत होती. म्हणून रात्रीच्या शेवटी डोकं थंड करणारं काहीतरी वाजवावं, असा त्याचा विचार. तुमच्या दुकानदाराने नाव चुकवलं, पण जागा बरोबर निवडली की हो! बी साइडचा शेवट.

साडेचार पट्टी:
आता प्रश्न दोन. साध्या कीबोर्डात रिव्हर्ब (घुमारा) असतो, त्याने नुसतं देवळात बसल्यासारखं वाटेल. तुम्हाला डिले हवा, म्हणजे सूर ठरावीक वेळाने परत ऐकवणारा, तोही लयीत बसणारा. १३८ ला एक ठोका ०.४३५ सेकंदांचा. त्याची पाऊणपट ३२६ मिलिसेकंद. कीबोर्ड लॅपटॉपला जोडा, डिलेचा एखादा फुकट प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घ्या, ३२६ टाका आणि पुढे कानाने वरखाली करा. परत येणारे सूर दोन-तीनच ठेवा, जास्त झाले की चिखल होतो.

आणि पेटीवाल्यांची खोड सोडा, म्हणजे सुराला सूर चिकटवून भरणा करायची. इथे कमी वाजवायचं. तुम्ही सोडलेली जागा डिले भरतो. पावपट सरकलेली हाक ऐकून सुरुवातीला लय चुकते, तबलावाल्याला शेजारी बसवा.

उंबरठा:
अवांतर: माइल्सने पुढे ट्रान्स जवळजवळ सोडलंच. २००४ मध्ये त्याचा 'माइल्स_गुर्टू' हा अल्बम आला, त्यातले गुर्टू म्हणजे मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू, आपल्या ठुमरी गायिका शोभाताई गुर्टूंचे चिरंजीव. माइल्स २०१७ मध्ये इबिझाला कर्करोगाने गेला, जेमतेम ४७ व्या वर्षी.

धागाकर्ता:
शोभाताईंच्या ठुमऱ्यांची एक कॅसेट त्याच ट्रंकेत आहे! आईची. तीच छापील म्हणून लावून पाहिली, तीही चढी वाजतेय. म्हणजे दोष आमच्या प्लेअरचाच, दुकानदार निर्दोष.

३२६ लावून दोन दिवस बसलोय. उजवा हात जमला, डावा अजून भजनात आहे. काल वहिनी दारात येऊन ऐकत होत्या, म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं मशीन अडकतंय का, सारखं तेच तेच वाजतंय." दादा घरात नव्हता, नशीब. डाव्या हातासाठी कोणाकडे काही युक्ती असेल तर सांगा, तीन आठवडे उरलेत.